मोलचं बटण

पनवेलजवळच्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं आहे. लोक म्हणतात, तुमच्याकडे गमतीचे किस्से खूप साचले असतील. साचलेत. पण घडताना प्रत्येक वेळी माझं डोकं फिरलेलं होतं.

गेल्या वर्षी पूजा आली, एम.एस्सी. केलेली. तिला पॉइंट वन मोल कॉस्टिक सोडा वजन करायला सांगितला. त्याचं मोलर मास, म्हणजे एका मोलचं वजन, चाळीस ग्रॅम. पॉइंट वन मोल म्हणजे सरळ चार ग्रॅम. तिने पॉइंट वन ग्रॅम घेतला. मी जाब विचारला तर म्हणते, "मॅडम, काट्यावर मोलचं बटणच नाहीये."

ती नवी, शिकेल. पण आमचे कुलकर्णी पंधरा वर्षांचे जुने! ऑक्झॅलिक अॅसिडच्या बाटलीवर मोलर मास एकशे सव्वीस छापलेलं, कारण त्या स्फटिकात पाणी असतं. यांनी पाठ केलेले, पाण्याशिवायचे नव्वद धरले. अख्ख्या दिवसाची टायट्रेशन्स, सगळी मोजमापं, वाया गेली. वर मलाच समजावतात, "पाणीच तर आहे, ते कशाला मोजायचं?"

प्लांट मॅनेजर सावंतसाहेबांना तर मोल या शब्दाचाच राग. मी समजावलं, मोल म्हणजे डझनासारखी नगांची मोजणी; डझनभर बोरं आणि डझनभर नारळ. नग बाराच, वजन वेगळं. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग बोरंच मागवा, स्वस्त पडतील."

यावर हसताही आलं असतं. पुढचं मात्र मला अजून सहन होत नाही.

अॅसिडचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी आम्ही अॅसिड मारायला त्यात सोडा अॅश टाकतो. मोलर मास एकशे सहा. साहेबांनी त्याऐवजी स्वस्त म्हणून धुण्याच्या सोड्याचे खडे आणले. त्यात पाणीच जास्त, मोलर मास दोनशे शहाऐंशी. म्हणजे पावणेतीन पट माल लागणार. मी लेखी कळवलं. त्यांनी कागद बाजूला सारला आणि शंभर किलोच्या जागी शंभर किलोच टाकायला लावले.

दुसऱ्या दिवशी सांडपाण्याच्या टाकीवर काम करणाऱ्या नामदेव पाटलांच्या पायावर ते पाणी उडालं. पोटरी लालभडक झाली, फोड आले. पाटील जवळच्या गव्हाण गावचे, साठीला टेकलेले, कधी तक्रार न करणारे. मी पाय धुवायला लावला, पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद करवला आणि तडक केबिनमध्ये गेले. पाटलांचा पाय भाजल्याचं सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "वजन तेवढंच टाकलंय, मॅडम."

तेवढ्यात पाटील लंगडत जिना चढून आले. हातात टाकीतल्या पाण्याची बादली. ती त्यांनी साहेबांच्या टेबलावर, कागदांवरच ठेवली.

"साहेब, वजन तेवढाच हाय ना? मंग घाला हात."