वाकवलेल्या खिळ्यांची बिजागरी

गल्लीत तिला सगळे खणखणकाकू म्हणत. आठवडाभर पडदे आणि शर्ट शिवायचे आणि सुट्टी आली की मेटल डिटेक्टर घेऊन टेकडीखालचं पडीक रान पालथं घालायचं, हा तिचा नाद. नवरा सुतार. तो म्हणायचा, "लोक घरातलं भंगार बाहेर काढतात, माझी बायको बाहेरचं घरात आणते."

त्या दिवशी मशीन ओरडलं आणि वीतभर खणल्यावर लोखंडाची बिजागरी निघाली. घरी येऊन तिने ब्रशने हलक्या हाताने माती झाडली आणि शिलाई मशीनच्या दिव्याखाली धरली.

"दाराची आहे," नवरा लांबूनच म्हणाला.

"अहो, आधी बघा तरी!"

तीन खिळे अजून अडकलेले होते. अंग चौकोनी, डोकी वेडीवाकडी. एकेक खिळा हातोडीने घडवलेला. लाकूड केव्हाच कुजलं होतं, पण पलीकडून ठोकून वाकवलेली टोकं तशीच होती. बिजागरीच्या पत्र्यापासून त्या वाकापर्यंत तिने आपली टेप लावली. जेमतेम बोटाच्या जाडीएवढं.

"एवढ्या पातळ फळीचं दार तुम्ही तरी कराल का? ही पेटीची आहे."

आता मात्र तो चष्मा शोधू लागला.

चौथ्या भोकात स्क्रू होता. टोकदार, एकसारख्या आट्यांचा, यंत्रावर कातलेला. "खिळा निसटला असेल, म्हणून मागाहून कुणी हा बसवला," तो म्हणाला.

"मग घडीव खिळ्यांवरून पेटी दीडशे वर्षांची धरू?"

"घाई नको. घडीव खिळे लोहार नंतरही करत होतेच. माझ्या डब्यातले आजोबांचे खिळे मी उद्या ठोकले, तर ती पेटी आजोबांच्या काळची होईल का?"

तिला पटलं, आणि जरा रागही आला. नक्की एवढंच होतं, की असले स्क्रू यंत्रावर निघू लागल्यावर ती दुरुस्ती झाली. पेटी दुरुस्तीच्या आधीची, पण किती आधीची, ते कळेना. पण मोडकी पेटी फेकून न देता तिची डागडुजी करणारं माणूस कोण असेल, हे काही तिच्या डोक्यातून जाईना.

पुढच्या सुट्टीला तो न सांगताच कुदळ घेऊन दारात उभा. त्याच जागेच्या हातभर पलीकडे जोडीची बिजागरी सापडली. चारही खिळे जागच्या जागी, वाक तेवढाच.

"पेटीच. हरलो बाई," तो म्हणाला. "पण मग कडी कुठाय?" आणि तिच्या हातातलं मशीन काढून घेऊन, कुदळ तिच्याकडे देऊन, तो पुढे निघालासुद्धा.