रोमच्या निकालाची फेरसुनावणी

साडेचारशे वर्षांपूर्वी लागलेल्या निकालामुळे ज्याला अजून जेवण जात नाही, असा माणूस जगात एकच असेल, आणि तो कतारमध्ये, दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या आमच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचा. नोकरी वर्ल्ड कपच्या स्टेडियममध्ये लाउडस्पीकर बसवण्याची. जीव मात्र इटलीतल्या एका जुन्या संगीतकारात. तो संगीतकार रोममध्ये भर वादसभेत हरला. मग त्यानं जाडजूड ग्रंथ लिहिला, एका सप्तकात एकतीस सूर देणारा बाजा बनवला, पण निकाल काही फिरला नाही. वाद नेमका कशावर होता, हे मी या वरच्या शेजाऱ्यांना सहा वेळा विचारलं. सहाही वेळा त्यांनी तासभर सांगितलं. सातव्यांदा विचारायची हिंमत झाली नाही.

भाजीला त्यांच्या गाडीतून जावं तरी हाच विषय. तेव्हा कालचा रस्ता आज खणलेला असायचा, वळणाच्या पाट्या रोज नव्या, आणि भाऊजी स्टिअरिंग सोडून दोन बोटांत सुरांमधलं अंतर दाखवणार. एकदा कोथिंबिरीसाठी निघालो आणि थेट शहराबाहेर, रास लफानच्या रस्त्याला लागलो.

"वहिनी, पंचांनी नीट ऐकूनच घेतलं नाही हो!"

"भाऊजी, आधी यू-टर्न घ्या. यल्ला, चला लवकर!"

स्टेडियम उभं राहिलं आणि त्यांचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं. भारतात परतण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती : तो निकाल फिरवायचा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात फॅन्सी ड्रेस आणि जेवण यांच्यामध्ये पंधरा मिनिटं मिळाली. पंच तिघं : आमचे हे, एक दंतवैद्य आणि मी. एकमत हवं, ही अट शेजाऱ्यांचीच.

त्यांनी स्वतः एकतीस सुरांच्या हिशेबानं लावलेल्या पेटीवर एक पट्टी दाबली, मग शेजारची. "ऐकलात फरक?" भुकेल्या दोघा पंचांनी लगेच माना डोलावल्या. सगळं सभागृह माझ्याकडे बघू लागलं. मी डोळे मिटले. दोन्ही सूर एकच. पुढच्या रांगेतून फॅन्सी ड्रेसमधली एक राजकन्या कुजबुजली, "आंटी, जस्ट से येस!"

"भाऊजी, मला काही फरक कळला नाही."

त्यांनी पेटीचा भाता हळूच बंद केला. "रोमच्या पंचांनाही कळला नसणार, वहिनी. तसं सांगितलं मात्र कोणी नाही."

निघायच्या दिवशी बॅगा खाली गेल्यावर ते पेटी घेऊन आमच्या दारात आले. "एकदाच?" मी भाजीखालचा गॅस बंद केला आणि समोर बसले. त्यांनी दोन्ही सूर वाजवले. फरक कळला नाही. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता. तरी "पुन्हा वाजवा," असं मी तीनदा म्हटलं.