निऱ्या मागे घ्यायच्या असतात

शुक्रवारी संध्याकाळी कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या आमच्या बेसमेंटमध्ये आम्ही तीन-चार मैत्रिणी मिळून एक मालिका बघायचो. म्हणायला ऐतिहासिक. स्कॉटलंडचे डोंगर, धुकं, इंग्रजांशी लढाया वगैरे. पण आम्ही काही इतिहासासाठी जमत नव्हतो. नायक तो चौकटीचा, गुडघ्यापर्यंतचा किल्ट घालून घोड्यावरून उतरायला लागला की आमच्यातली एक निवृत्त डॉक्टरीण, जिने आयुष्यभर लोकांचे गुडघेच तपासले, ती म्हणायची, "थांबव गं. जरा मागे घे."

पाऊस असो की बर्फ, त्या नायकाच्या अंगावर शर्ट म्हणून टिकायचा नाही. दर भागात एकदा तरी तो डोंगरावर उभा राहून आरोळी ठोकायचा, मग कुणाला तरी मारायचा, मग नायिकेकडे ओल्या डोळ्यांनी बघायचा. कपडे धुणं, पोट बिघडणं, टॅक्स भरणं यातलं त्याच्या वाट्याला काहीच नव्हतं.

आमचं वॉशिंग मशीन बेसमेंटमध्येच असल्यामुळे नवरा मधूनच कपड्यांची बास्केट घेऊन समोरून जायचा. तो मूळचा नागपूरचा, वॉनला पॅकेजिंग मशीनच्या कारखान्यात इंजिनियर. "एवढा मोठा गडी, अन् स्कर्ट घालून फिरतो," असं एक वाक्य टाकून तो पुढे व्हायचा. नवऱ्याचे पाय म्हणजे शेवग्याच्या शेंगा. डॉक्टरीण त्याच्या हाफ पँटखाली एक नजर टाकून म्हणायची, "तुम्ही झाकून ठेवत जा हो. आमची तंद्री मोडते."

त्याच नवऱ्याला पुढे मी भर मैदानात किल्टमध्ये बघितलं, आणि त्याला कारण आमचा शेजारी.

शेजारी सत्तरी ओलांडलेला, बुटका, गोल, टकलू, एका कानात मशीन. स्कूल बस दुरुस्त करण्यात त्याची सगळी नोकरी गेली. शनिवारी सकाळी तो गॅरेजचं दार वर करून बॅगपाइप वाजवतो. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकून मी नवऱ्याला घर गरम करणारी फर्नेस बिघडली का बघायला पाठवलं होतं. तो वर येऊन म्हणाला, "फर्नेस ठीक आहे. बाजूचा म्हातारा पोलीस बँडचं वाद्य वाजवून राहिला."

नागपूरला सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये पोलिसांच्या बँडला बॅगपाइप असायचे. त्यामुळे हे वाद्य महाराष्ट्र पोलिसांचं, अशी नवऱ्याची लहानपणापासून पक्की समजूत. हे त्याने शेजाऱ्याला तोंडावर सांगितलंसुद्धा.

"पोलिसांचं?" शेजाऱ्याने कानातलं मशीन नीट बसवून विचारलं.

"हो. आणि काही ठिकाणी लग्नातही वाजवतात. नवरदेवाच्या पुढे."

शेजाऱ्याने हातातल्या बॅगपाइपकडे बघितलं. मग म्हणाला, "नवरदेव पळून जात नाही?"

तिथून दोघांची दोस्ती झाली. आमचं ड्रेन तुंबलं की शेजारी यायचा, त्याचा फोन बिघडला की नवरा जायचा. आणि दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात शेजाऱ्याच्या बँडमधल्या मोठ्या ड्रमवाल्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. उन्हाळ्यातल्या हायलँड गेम्स, म्हणजे ओंडका फेकण्यापासून बँडपर्यंतच्या स्कॉटिश स्पर्धा, तोंडावर आलेल्या. कुंपणावरून बोलता बोलता नवरा सहज म्हणाला की शाळेच्या बँडमध्ये मोठा ड्रम मी वाजवायचो. शेजाऱ्याने पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही.

तालीम चालू झाली. नवऱ्याचा हात अजून तयार होता, अडचण फक्त कपड्यांची होती. किल्टची मापं घ्यायला शेजारीण आमच्या लिव्हिंग रूममध्ये आली. उंच, हडकुळी बाई, तोंडात कायम टाचण्या. तिने कापड उलगडलं तेव्हा मी थक्क झाले. जाड लोकरीचं आठ वार कापड! माझ्या आजेसासूबाईंच्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. आणि निऱ्या सगळ्या मागे, एकीवर एक, पट्टीने आखल्यासारख्या.

"यांना इस्त्री कोण करतं?" मी विचारलं.

तिने टाचण्या काढून माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं? टीव्हीवर तो घोड्यावरून येतो ते दाखवतात. त्याच्या निऱ्यांना कोण इस्त्री करतं ते कधी दाखवलंय? आमच्या म्हाताऱ्याचं सगळं पौरुष माझ्या इस्त्रीच्या टेबलावर पडलेलं असतं, दर शुक्रवारी."

मला ती बाई तिथेच आवडली. चहा घेताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. शेजाऱ्याचा बाप ग्लासगोला जहाजांच्या गोदीत वेल्डर होता. त्याने जन्मात किल्ट घातला नाही. आजोबांनीही नाही. शेजारी लहानपणी कॅनडात आला, ऐन चाळिशीत त्याने टीव्हीवर कुठलासा युद्धपट बघितला आणि सोमवारी कामावरून येताना किल्टची ऑर्डर देऊन आला. "आमचा वारसा केबलवरून आलाय," ती म्हणाली, आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरून नवऱ्याच्या कमरेमागे गेली.

मॉन्ट्रियलला शिकणाऱ्या लेकीला व्हिडिओ कॉलवर बापाचं ध्यान दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक अ व्हेरी सीरियस स्कूलगर्ल." नवऱ्याने मान ताठ केली आणि निऱ्या सांभाळत सोफ्यावर बसला. बसताना मागून कापड सारखं करायचं असतं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याचे वडील धोतर नेसून सायकलवर शाळेत शिकवायला जायचे. ते बघून बघून अंगात भिनलं असावं.

गेम्स ऑगस्टमध्ये एका छोट्या गावाच्या मैदानावर होत्या. ऊन मरणाचं. लोकरीचे मोजे, लोकरीचा किल्ट, पुढे लटकणारी केसाळ पिशवी आणि त्यावर ड्रम, अशा अवतारात नवरा घामाने निथळत होता. त्यातच एक टीव्हीवाली आली. सोबत कॅमेरे, छत्र्या, आणि टोरोंटोहून आणलेले दोन जिमचे पुतळे. तिला स्कॉटिश वारशावर कार्यक्रम करायचा होता आणि वारसा जरा बऱ्या छातीचा हवा होता. त्या दोघांना तिने भाड्याचे किल्ट दिले, शर्ट काढायला लावले, अंगाला तेल चोपडलं. त्यातला एक वॉनचा इटालियन निघाला. आईने बनवलेलं सँडविच खात उभा होता बिचारा.

बँड रांगेत उभा राहिला. टीव्हीवालीने कॅमेऱ्यातून बघितलं आणि आमच्या शेजाऱ्याकडे बोट केलं. "सर, तुम्ही जरा मागे जाल? फ्रेममध्ये ना, मला ताकद दिसायला हवी."

शेजाऱ्याला नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. तो बँडचा मुख्य वाजवणारा. तो रांगेतून बाहेर पडला आणि पार्किंगकडे चालू लागला.

तिचं लक्ष तोवर नवऱ्याकडे गेलं होतं. तिला एकदम खजिनाच सापडला. माइक पुढे करून ती म्हणाली, "तुमच्या संस्कृतीतल्या पुरुषाला स्कर्टसारखं काही घालताना कसं वाटतं?"

"माझ्या वडिलांनी पँट घातलेली मी पाहिली नाही," नवरा म्हणाला.

हे तिला कुठे बसवावं कळेना. म्हणून तिने हुकमी प्रश्न काढला. "आणि आत काय घातलंय?"

"चड्डी. ड्रम घासतो ना."

"ते आपण कट करू. बरं, एक आरोळी द्याल? युद्धाची?"

नवऱ्याने मैदानभर नजर फिरवली. शेजारी गेलेला, बँड खोळंबलेला, ऊन डोक्यावर. त्याने पोटातून आवाज काढला, "गणपती बाप्पा..."

आणि आइस्क्रीमच्या रांगेतून मी आणि माझ्याबरोबर आलेली डॉक्टरीण एका सुरात ओरडलो, "मोरया!" विचार करायला वेळच मिळाला नाही. आमच्या पुढच्या माणसाच्या हातातला कोन पडला.

दुसरीकडे शेजारीण त्या इटालियन पुतळ्याकडे तरातरा चालत गेली. त्याने किल्ट उलटा घातला होता, निऱ्या पुढे. चालू कॅमेऱ्यासमोर तिने त्याला कमरेला धरलं, बक्कल सोडलं आणि पातेल्यावरचं झाकण फिरवावं तसा किल्ट गर्रकन फिरवला. "निऱ्या मागे घ्यायच्या असतात, बाळा," ती म्हणाली. "आणि ज्याला बाहेर काढलंत तो हे डोळे मिटून नेसतो." टीव्हीवालीने कॅमेरा बंद करायला सांगितलं.

नवरा ड्रम पोटावर तसाच घेऊन पार्किंगकडे निघाला. मी मागोमाग. शेजारी त्याच्या व्हॅनच्या मागच्या दारात बसला होता, बॅगपाइप मांडीवर. रडत नव्हता. पाण्याची बाटली उघडायचा प्रयत्न करत होता आणि झाकण निघत नव्हतं.

"मी इतकी वर्षं आरशात त्यालाच बघत होतो," तो म्हणाला. "टीव्हीतल्या त्याला. पोट आत घेऊन. आज त्या पोरीने मला दाखवलं, आरशात काय आहे ते. सोफ्याला खोळ घातल्यासारखा दिसतो मी."

नवऱ्याला सांत्वन जमत नाही. माझ्या वडिलांच्या तेराव्याला तो माझ्या भावाशी इन्व्हर्टरबद्दल बोलत होता. पण त्या दिवशी त्याने बाटली घेऊन उघडून दिली आणि म्हणाला, "माझी बायको दर शुक्रवारी त्या घोडेवाल्याला बघते. डोळे फाडून. पण ड्रेन तुंबलं की ती त्याला फोन करत नाही. मलाही करत नाही. तुम्हाला करते."

शेजाऱ्याने माझ्याकडे बघितलं. आता मला काहीतरी बोलणं भाग होतं.

"आणि मागच्या जानेवारीत आमचा ड्राइव्हवे बर्फ उपसून साफ कुणी केला?" मी म्हटलं. "शर्ट घालून केलात, हेही बरंच केलंत. न्यूमोनिया झाला असता."

त्याला आधी खोकला आला, मग हसू. पोट हलेपर्यंत हसला. मग उठला, मोजे वर ओढले आणि आम्ही तिघं परत मैदानात गेलो. टीव्हीवाली तोवर ओंडका फेकणाऱ्यांकडे वळली होती. शेजारी रांगेत पुढे, आपल्या जागी जाऊन उभा राहिला. कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर शेजारीण होतीच. त्याने बॅगपाइपच्या पिशवीत हवा भरली, नवऱ्याने ठोका दिला, आणि मी ज्याला फर्नेस समजले होते त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. आजूबाजूची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. नवऱ्याचे पाय तेच होते, शेवग्याच्या शेंगा, पण नीट तालात पडत होते. डॉक्टरीण हळूच म्हणाली, "गुडघे चांगले आहेत गं याचे. अजून वीस वर्षं चालतील." तिच्याकडून यापेक्षा मोठी दाद नाही.

स्पर्धेत आमचा बँड शेवटून दुसरा आला.

कार्यक्रम लागला तो थेट हिवाळ्यात. शेजाऱ्यांनी आम्हाला त्यांच्याकडे बघायला बोलावलं. सुरुवातीला दोघे पुतळे टेकडीवरून स्लो मोशनमध्ये धावत आले. इटालियनचा किल्ट सरळ होता. बँडचं संगीत आमचं नव्हतंच, कुठल्या तरी स्टुडिओतलं गुळगुळीत काहीतरी लावलेलं. नवरा दोन सेकंद दिसला, "बाप्पा" म्हणताना तोंड उघडलेलं, आणि निवेदक म्हणाला की ही प्राचीन हायलँड रणगर्जना आजही जिवंत आहे. शेजारी कुठेच नव्हता. एका ठिकाणी कडेने एक कोपर आत आलं.

"ते माझं!" तो ओरडला. त्याने रिमोट घेऊन मागे नेलं. कोपर पुन्हा आलं, पुन्हा गेलं. असं त्याने बऱ्याचदा केलं, आणि प्रत्येक वेळी नवऱ्याने ते जणू पहिल्यांदाच दिसल्यासारखं "वा" म्हटलं.

शेवटी शेजारणीने रिमोट काढून घेतला आणि कर्लिंगची, म्हणजे बर्फावरून दगड घसरवत न्यायच्या खेळाची, मॅच लावली. पडद्यावर चार मध्यमवयीन बाप्ये ट्राउझर घालून, वाकून, जीव तोडून बर्फ झाडत होते.

"पुरुष बघायचे तर हे बघावेत," ती मला म्हणाली आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.