फोग्ट आजोबांची गाडी आणायला

म्युनिकजवळच्या गार्चिंगहून पहाटेची भुयारी रेल्वे पकडली तेव्हा शेतांवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा, खांद्यावर एक पिशवी आणि डोक्यात एकच घोर: उद्या, गुरुवारी, बर्लिनमधल्या एका गॅरेजातून एक जुनी गाडी बाहेर पडली पाहिजे. नाही पडली तर शुक्रवारी गॅरेज नव्या भाडेकरूकडे जाणार आणि गाडी अशा एका व्यापाऱ्याकडे, जो ती खोलून तिचे सुटे भाग विकणार होता.

गाडी हेर (म्हणजे श्री.) फोग्ट यांची. निखिल, म्हणजे माझा नवरा, बर्लिनला शिकत असताना चार वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला होता. गाडी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी, मलईच्या रंगाची आणि गोल पाठीची. दर रविवारी दोघं मिळून तिला पुसायचे. आपण इंजिनिअर झालो ते विद्यापीठात नव्हे, त्या गॅरेजात, असं निखिल अजूनही पाहुण्यांना ऐकवतो. पाहुणे हसतात, पण तो गंमत करत नसतो. आता ऐंशी ओलांडलेले फोग्ट आजोबा आल्टर्सहाइममध्ये (वृद्धाश्रमात) राहायला जाणार होते आणि गाडी त्यांनी निखिलला देऊ केली होती. तिला स्वतःच्या चाकांवर म्युनिकपर्यंतचा पल्ला झेपला नसता, म्हणून आम्ही गाड्या वाहून नेणारी एक कंपनी ठरवली.

मंगळवारी कंपनीचा ट्रक गेला आणि रिकामाच परतला. आजोबांनी किल्ली दिली नाही. "ते म्हणतात, पाहुणे अजून आलेले नाहीत," कंपनीची बाई मला फोनवर म्हणाली. ट्रक गुरुवारी एकदाच पुन्हा जाईल, असंही तिने बजावलं. निखिल नेमका इंजिनाच्या चाचण्यांत अडकला होता. "आजोबा विसरायला लागले वाटतं गं," तो म्हणाला आणि त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं. त्याचं ते तोंड मला बघवेना. म्हटलं, विसरले असतील तर जाऊन आठवण करून देऊ. त्यात काय.

पुढे बर्लिनच्या रेल्वेत खिडकीशी डोकं टेकवून मी अर्धवट झोपेत होते. जाग येई तेव्हा बाहेर कधी नदी, कधी लाल कौलांचं गाव, कधी पिवळ्याधमक मोहरीसारख्या पिकाचा पट्टा. डोळा लागे, पुन्हा उघडे, आणि तोच पिवळा पट्टा अजून चालूच. मे महिन्यात हा देश असा काही दिसतो की इथल्या फेब्रुवारीला माणूस माफ करून टाकतो.

फोग्ट आजोबांच्या गल्लीत चेस्टनटच्या झाडांवर पांढरे तुरे उभे होते आणि त्यांच्या पाकळ्या फुटपाथभर सांडल्या होत्या. मी तिसरा मजला चढले. आजोबांनी दार उघडलं ते टाय लावून. आत टेबलावर चार बशा मांडलेल्या, त्यांतली एक लहान मुलाची. मधोमध झाकणाखाली राबार्बरकूखन (एका आंबट देठाचा केक). त्याला अजून सुरी लागलेली नव्हती.

"फ्राउ योशी," ते म्हणाले. जोशीचं योशी इथे सगळेच करतात. "आज बुधवार आहे."

"हो."

"तुम्ही मंगळवारी येणार होतात."

हळूहळू मला सगळं उलगडलं. दोन आठवड्यांपूर्वी आम्ही गाडी बघायला आलो होतो. निघताना निखिल आमच्या लेकीला, ईराला, घेऊन खाली टॅक्सीपाशी गेला होता आणि दारात मी एकटी. दारातून 'जाते' म्हणायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी छान हसून म्हणाले होते, "आल्झो, वीर कोमन." (येतो हं आम्ही.) त्यावर आजोबांनी विचारलं, "व्हान?" (केव्हा?) मला वाटलं, ट्रकचं विचारताहेत. मी म्हणाले, मंगळवारी.

म्हणजे आजोबा काहीच विसरले नव्हते. मंगळवारी त्यांनी केक केला, टाय लावला, चार बशा मांडल्या आणि वाट पाहिली. आणि आला कोण, तर अनोळखी माणूस, हातात कागद घेऊन किल्ली मागायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी त्यांना समजावलं. आमच्याकडे दारातून 'जाते' म्हणणं अशुभ मानतात. म्हणून जाताना आम्ही 'येते' म्हणतो.

आजोबांनी केकवरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. "जाताना येते म्हणता. मग खरोखर येता तेव्हा काय म्हणता?"

"आले, म्हणते."

"गेनाऊ," (अगदी बरोबर) ते म्हणाले. "मग आता म्हणा."

"आले," मी म्हणाले. तेव्हा कुठे त्यांनी केक कापला. तो चांगलाच कोरडा झाला होता. मी दोन तुकडे खाल्ले आणि तिसराही मागून घेतला.

"आणि किल्ली?" मी शेवटी धीर करून विचारलं.

त्यांनी लहान बशीकडे पाहिलं. "तिघं येणार होतात," ते म्हणाले. "उद्या बघू."

त्यांनी मला निखिलची जुनी खोली दिली. झोप लागली, पण पातळ.

गुरुवारी नऊच्या ठोक्याला ट्रक दारात हजर. ड्रायव्हरचं नाव उवे. पोट सुटलेला, बोलायला मंद, पण डोळे मऊ. त्याच्या हातात त्सुश्टांड्सप्रोटोकोल (गाडी ताब्यात घेतली तेव्हा कशी होती, याची लेखी नोंद) होता. त्यावर गाडीची आकृती छापलेली असते. प्रत्येक ओरखड्याच्या जागी फुली मारायची, मग देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. पंधरा मिनिटांचं काम, उवे म्हणाला.

आजोबांनी गाडीवरची चादर ओढली. उवेने मागच्या दिव्याजवळ पहिली फुली मारली.

"तो फाटकाचा खांब," आजोबा म्हणाले. "हाना पन्नासाव्या वर्षी गाडी शिकली."

हाना त्यांची बायको. निखिल त्यांच्याकडे राहायला आला त्याच्या आदल्या वर्षी ती गेली होती. उवेने दुसरी फुली मारली. तोही खांब. तिसरी फुली मात्र एका गाईची होती, एका डोंगराळ गावातली. दाराच्या कडेचा पोपडा ज्या दुपारचा, त्या दुपारी हाना रागावून गाडीतून उतरली होती आणि दोन किलोमीटर पायी चालली होती. आजोबा तिच्या मागोमाग हळूहळू गाडी चालवत, खिडकीतून माफी मागत होते. "कशाबद्दल, ते आता आठवत नाही," ते म्हणाले. "माफी आठवते." उवे एका पायरीवर बसला. मी लाडवांचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला. आकृतीवर जागा उरली नाही तेव्हा त्याने कागद उलटा करून लिहायला घेतलं. पंधरा मिनिटांचे दोन तास झाले आणि कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

शेवटी आजोबा स्वतः गाडीत बसले. इंजिन खोकलं, थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. पहिल्या गियरमध्ये, माणूस जिना चढतो तशी ती फळीवरून ट्रकवर चढली. आजोबांनी इंजिन बंद केलं आणि तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. वर चेस्टनटमधून ऊन गळत होतं. उवे पट्टे आवळायचे सोडून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मग आजोबा उतरले आणि किल्ली त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. ती गरम होती.

निरोपाची वेळ झाली. आजोबांच्या हातात खिशातली छोटी डायरी होती.

"येते," मी म्हणाले.

"व्हान?"

हसून वेळ मारून नेता आली असती. आपण किती वेळा नेतो. मी म्हणाले, "ऑगस्टचा पहिला शनिवार. तिघंही." त्यांनी ते शाईने लिहून घेतलं.

मी ट्रकमधून जाऊ का, असं विचारल्यावर उवे म्हणाला, "आयगेंटलिश, नाही." या शब्दाचा अर्थ 'खरं तर', आणि जर्मन माणूस तो उच्चारतो तेव्हा दार थोडं किलकिलं असतं, एवढं मी एव्हाना शिकले होते. मी सरळ वर चढून बसले.

दिवसभर दक्षिणेकडे चाललो. बाजूच्या आरशात ती मलईची गाडी आमच्या मागोमाग येत होती. चाकं न फिरवता, झोपेत चालल्यासारखी. पवनचक्क्या आळसावून फिरत होत्या. एका जंगलातून गेलो तेव्हा झाडांच्या सावल्या तिच्या टपावरून एकेक करून घसरत गेल्या. उवे फारसं बोलत नव्हता. मला वाटलं, असंच जात राहावं, कुठे पोचूच नये. जेवायला थांबलो तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. "तुमची का?" बाईंनी विचारलं. मी म्हणाले, "हानाची." कोण हाना, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढे हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या) बागा लागल्या, उंच खांब आणि तारा. मग गार्चिंग. आठ वाजले होते, ऊन अजून होतं. फुटपाथवर निखिल आणि ईरा उभे. निखिलने गाडीच्या पाठीवरून हात फिरवला, मग सही करायला कागद घेतला, तो उलटला आणि वाचत राहिला. उवेने सगळं लिहिलं होतं. खांब, गाय, माफी. निखिल रडला, रस्त्यात, सगळ्यांसमोर.

ऑगस्टचा शनिवार मी त्याला सांगितला. "जायचंच," तो म्हणाला. "इख आउख?" (मी पण?) ईराने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

दुसऱ्या दिवशी बर्लिनला फोन केला, तर आजोबांनी गाडीचं नावही काढलं नाही. मुलगी कुठला केक खाते, एवढंच विचारलं.

फोन ठेवला आणि पुणं आठवलं. सात वर्षांपूर्वी पुण्याहून निघताना दारात मी आईबाबांना 'येते' म्हणाले होते. नंतरही प्रत्येक सुट्टी संपल्यावर म्हणाले. त्यांनी कधीच विचारलं नाही, केव्हा. विचारायचं नसतं, म्हणून. मी पुण्याचा नंबर फिरवला.

"आई, आम्ही येतोय. डिसेंबरच्या दहा तारखेला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब," आई म्हणाली, "चष्मा लावते. लिहून घेते."