जर्मन माल

शहापुरातले आमचे शेजारी साडीच्या दुकानात कारकून होते, पण चालायचे मात्र बर्लिनच्या दरबारातून नुकतेच उठून आल्यासारखे. गल्ली त्यांना अण्णा म्हणे. पहिल्या महायुद्धाची आठवण म्हणून जर्मनांनी काढलेल्या चिनी मातीच्या बशा ते जमवत. बशीवर तोफा, काळा क्रूस आणि मिशा वर वळवलेला जर्मन बादशहा, कैसर. पलटणीतून परतलेल्या शिपायांच्या मागे लागून ते त्या मिळवत आणि कपाटात मखमलीवर ठेवत. बशीत चहा ओतणं म्हणजे कैसराला बुडवणं, असं त्यांचं मत होतं.

आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. माझी आक्का मुद्दाम विचारी, "अण्णा, तुमची जर्मनची भांडी दावा की!"

ते चवताळत. "भांडी न्हवं गं! बशा हायत, चिनी मातीच्या!"

दुसरं युद्ध सुरू झालं आणि कोणीतरी चहाडी केली. फौजदार दारात आला तेव्हा मी तिथंच होतो.

"घरात जर्मन माल हाय म्हणं? जप्त करायचाय."

 अण्णांनी स्वयंपाकघरातून पातेली, डबे आणि एक चेपलेला तांब्या आणून पुढ्यात मांडला. "एवढंच जर्मन हाय बघा, साहेब."

फौजदारानं पातेलं वाजवून पाहिलं आणि हसला. "हलकंच असतंय जर्मन."

अण्णा कपाटाकडे वळले. मला वाटलं, आता कपाट उघडतात.

"व्हय साहेब," ते म्हणाले, "लई हलकं."

त्या संध्याकाळी ते एकेक बशी पुसत बसले होते आणि प्रत्येक कैसराची हळू आवाजात समजूत काढत होते.