अर्धा पाडलेला माड

नारळ पाडणाऱ्यांच्या शिबिरात काल शाळेमागच्या माडावर एकजण बेशुद्ध पडल्याचं नाटक करत कमरेच्या पट्ट्याला लोंबकळत होता. दुसऱ्याने वर चढून त्याला दोराने अलगद खाली सोडलं. शिकवणारी बाई म्हणाली, “उतरवणारा सोबत नसेल, तर चढायचंच नाही.” मी हसलो. उभा जन्म नारळ पाडायला एकटा चढलो, मुलालाही तेच शिकवलं.

पण घरी आल्यावरही तो लोंबकळणारा माणूस डोळ्यांपुढून हलला नाही. आज मुलगा चढला नि मी बुंध्याशी गेलो.

“बाबा, सरका! नारळ बसेल डोक्यात.”

सरकलो. माझे गुडघे पायरी चढत नाहीत. वर काही झालं, तर मी नुसता बघणार.

“खाली उतर!”

“अहो, माड अर्धाच पाडलाय, निम्मे नारळ वरच आहेत!”

अर्धा पाडलेला माड आमच्यात कुणी सोडला नव्हता.

“असू दे. दुसऱ्या कुणाला सोबत घेऊन ये, मग चढ.”