माय, सोड

नातीनं उशीसाठी कापूस आणला आणि त्याच्या मातकट वासानं मी स्वराज्याआधीच्या लोणखेड्यात, आमच्या ओसरीवर जाऊन बसले.

माय बोंडं फोडत होती. धाकटा भाऊ चुलीकडे जाऊ नये म्हणून तिनं त्याला लुगड्याच्या चिंधीनं खांबाला बांधलं होतं. तिसरं सरलं तरी तो बोलत नव्हता. हवं ते बोटानं दाखवायचा. त्या दिवशी कुणी बघेना. त्यानं चिंधी ओढून पाहिली, जरा थांबला आणि म्हणाला, “माय, सोड.”

मायनं त्याला सोडून छातीशी धरलं. “बोलना मन्हा पोऱ्या.” बोलला माझा पोर, म्हणत राहिली.

आजी आतून म्हणाली, “बोलना तं बोलना. कापूस पडेल शे.” बोलला तर बोलला, कापूस तसाच पडलाय, एवढंच तिचं म्हणणं.

मायनं त्याला पुन्हा बांधलं. तेव्हा मला भावाचीच कीव आली. आता वाटतं, त्याला निदान ‘सोड’ म्हणायला माय होती. मायनं कुणाला म्हणायचं?